डंपरचा धूर कमी करायचाय? आधी रस्ता मोजा

माझा भाचा इंदूरबाहेरच्या एका दगडखाणीवर नोकरीला लागला. डिप्लोमा झालेला, हुशार, पण खाण पहिल्यांदाच बघत होता. महिन्याभरात त्याच्या मालकाकडे रस्त्याचं काम करणाऱ्या एका कंपनीचा फॉर्म आला. तुमच्या गाड्यांमधून वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो कमी करायला तुम्ही काय करता? मालकाने तो फॉर्म याच्या हातात ठेवला. हा रविवारी रामबागेत आमच्या घरी आला आणि पोह्यांची बशी बाजूला सारून म्हणाला, "मामा, धूर मोजायचं यंत्र कुठे मिळतं?"

माझी बहुतेक नोकरी सिंगरौलीकडच्या खुल्या कोळसा खाणींत, डंपरांच्या मागे गेली. धूर मोजायचं यंत्र मी कधी वापरलं नाही, आणि तुम्हालाही लागणार नाही. त्या रविवारी वहीच्या दोन पानांवर जे मांडलं, ते इथे जरा सविस्तर लिहितो. खाणीत नव्याने आलेल्या इंजिनिअरसाठी, सुपरवायझरसाठी, आणि दहा-बारा हायवा, म्हणजे टिपर ट्रक, चालवणाऱ्या ठेकेदाराच्या मुलासाठीही.

डिझेलची वही खरी करा

कार्बन डायऑक्साइड डिझेलमधून येतो, म्हणून डिझेल मोजलं की तो मोजला गेला. एक लिटर डिझेलचं वजन साधारण ०.८३ किलो, त्यात सुमारे ८६ टक्के कार्बन. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतला ऑक्सिजन घेतो, त्यामुळे वजन ४४ भागिले १२ पटीने वाढतं. हिशेब केला की लिटरमागे २.६ किलोच्या वर उत्तर येतं. मी २.६५ धरतो. डिझेलपेक्षा धूर जड कसा, असं भाच्याने विचारलं होतं. उरलेलं वजन हवेतून येतं, इतकंच.

इथे नवशिक्यांचा एक घोळ होतो. पीयूसीचा कागद किंवा २०२० च्या एप्रिलपासून आलेलं बीएस-६ इंजिन यांचा संबंध काजळी, नायट्रोजनचे ऑक्साइड अशा प्रदूषणाशी आहे. ते श्वासासाठी महत्त्वाचं आहेच. पण धूर काळा दिसत नाही म्हणून कार्बन डायऑक्साइड कमी झाला असं होत नाही. जेवढं डिझेल जळलं तेवढा तो निघालाच.

आता वही. एका खाणीवर मी डिझेल रजिस्टर उघडलं तर प्रत्येक हायवापुढे रोज १२० लिटर. जवळ जाणारी, लांब जाणारी, दिवसभर गॅरेजात उभी असलेली, सगळ्यांना १२०. काही डिझेल जळत होतं आणि काही मुरत होतं, कुठे ते विचारू नका. अशा वहीवर कुठलीही बचत मोजता येत नाही. बाउझरच्या, म्हणजे डिझेल वाटणाऱ्या टँकरच्या, नळीला फ्लो मीटर लावा, टाकी रोज एकाच जागी, एकाच वेळी काठोकाठ भरा, आणि त्याच ओळीत अवर मीटरचा (इंजिन किती तास चाललं त्याचा) आकडा व खेपा लिहा. टनांसाठी वजनकाटा असेल तर उत्तम, नसेल तर चार-पाच खेपा बाहेरच्या काट्यावर तोलून सरासरी काढा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'तासाला किती लिटर' बघणं. रांगेत इंजिन चालू ठेवून उभी असलेली गाडी तासाला अगदी थोडं डिझेल पिते, त्यामुळे ज्या खाणीत गाड्या जास्त थांबतात तिचा तासाचा आकडा झकास दिसतो! खरा आकडा आहे टनामागे लिटर. तोही कुठल्या बेंचवरून (खाणीतल्या पायरीवरून), किती उंची चढून, हे सोबत लिहून. खाण दरवर्षी खोल जाते, तेव्हा उंची न लिहिता केलेली मागच्या वर्षीशी तुलना फसवी निघते. दोन आठवडे काही न बदलता नुसतं हे लिहा.

डिझेल जातं कुठे

कागदावर एक खेप काढून बघू. ९० टन माल नेणारा डंपर घ्या, मालासकट त्याचं वजन १६३ टनांच्या आसपास. खाण १०० मीटर खोल, चढ १ : १६ (सोळा मीटरमागे एक मीटर वर), म्हणजे रस्ता १,६०० मीटर. एक टन वजन १०० मीटर उचलायला ०.२७ युनिट ऊर्जा लागते, वीजबिलातलंच युनिट. १६३ टनांना ४४ युनिट. शिवाय टायर रस्त्यात रुततो, दबतो, त्याचा विरोध असतो. बऱ्यापैकी राखलेल्या रस्त्यावर तो वजनाच्या ३ टक्के धरू. १,६०० मीटरवर तो ४८ मीटर जास्तीचा चढ चढल्यासारखा होतो, त्याचे २१ युनिट. एकूण ६५-६६. एक लिटर डिझेलमध्ये उष्णता जवळपास १० युनिटची, पण चाकापर्यंत पोचतात साडेतीनच्या आसपास. म्हणजे वर यायलाच १९ लिटर, आणि ५० किलो कार्बन डायऑक्साइड.

या १९ लिटरकडे नीट बघा. १६३ टनांपैकी ७३ टन डंपरचं स्वतःचं लोखंड आहे. जवळजवळ निम्मं डिझेल आपण लोखंड वर आणायला जाळतो आणि मग तेच लोखंड रिकामं खाली नेतो. पुढच्या बऱ्याच गोष्टी या एका ओळीतून निघतात.

रस्ता

इंदूरच्या आसपासच्या खाणींत मला नेहमी हसू येतं. आख्ख्या माळव्याचे रस्ते जिच्या गिट्टीवर उभे आहेत, त्या खाणीचा स्वतःचा रस्ता मात्र गाडी पोटापर्यंत हलवणारा. दिव्याखाली अंधार. क्रशरची चुरी बाजूला डोंगरासारखी पडलेली असते आणि वीस पावलांवर हायवा चिखलातून कण्हत चढत असतो.

अंगठ्याचा नियम असा : कडक, सपाट रस्त्यावर टायरचा विरोध वजनाच्या २ टक्के, आणि टायर रस्त्यात जितके सेंटिमीटर रुतेल तितक्या सेंटिमीटरमागे आणखी ०.६ टक्के. सहा सेंटिमीटर रुतला तर ५.६ टक्के. पट्टी घेऊन चाकोरीची खोली मोजता येते, त्याला कुठलाही कन्सल्टंट लागत नाही.

वरच्या खेपेत विरोध ३ ऐवजी ५ टक्के झाला, तर चढ धरून (१ : १६ म्हणजे ६.२५ टक्के) एकूण भार ९.२५ वरून ११.२५ टक्क्यांवर जातो. डिझेल पाचव्या हिश्शाहून जास्त वाढतं, म्हणजे एकेका खेपेला चार लिटर. आणि हे चढावर. सपाट रस्त्यावर चढाचा भार नसतो, सगळा विरोध रस्त्याचाच असतो, म्हणून तिथे ३ चे ५ झाले की डिझेल जवळपास पावणेदोन पट. लोक चढाचा रस्ता नीट ठेवतात आणि क्रशरकडचा सपाट किलोमीटर सोडून देतात. हिशेब उलटा सांगतो : दोन्ही बघा, पण सपाट तुकड्याला कमी लेखू नका.

माळव्यात खरा शत्रू काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगून लोण्यासारखी होते. तिच्यावर थेट मुरूम टाकून उपयोग नाही, पहिल्या पावसात मुरूम खाली आणि माती वर. रस्त्याच्या पट्ट्यातली काळी माती आधी काढा, खाली मोठा दगड, त्यावर मुरूम, वर चुरी मिसळलेली बारीक गिट्टी, आणि प्रत्येक थराला रोलर. मध्ये उंच, दोन्ही कडांना उतरता ठेवा आणि कडेला नाली खणा. पाणी पाच मिनिटंही रस्त्यावर थांबता कामा नये. खडकाळ तळावर हे सगळं लागत नाही, तिथे नुसतं सांडलेले दगड उचलणं आणि चुरीने खाचा भरणं पुरतं.

टँकरने पाणी मारणं हा वेगळाच विषय आहे. धुळीसाठी मारावंच लागतं, पण चढावर पूर आल्यासारखं पाणी ओतलं की टायर घसरतो, वरचा थर निघतो आणि आठवड्यात चाकोऱ्या पडतात. थोडं थोडं, तुकड्या-तुकड्याने मारा. आणि हे काम टँकरवाल्याच्या मर्जीवर सोडू नका. त्याला टाकी रिकामी करून घरी जायचं असतं.

रस्ता खरवडून सपाट करणारं यंत्र, ग्रेडर, नसेल तर? लहान खाणीत नसतोच. मग जेसीबीच्या मागच्या बकेटने ओरखडे काढत बसण्यापेक्षा आठवड्यातून एक दिवस ग्रेडर भाड्याने आणा. मालक कुरकुर करेल. त्याला लिटरचा हिशेब दाखवा, कार्बनचा नको. माझा अनुभव असा, की मालकाला कार्बन समजावण्यात जितका वेळ जातो तितक्या वेळात अर्धा रस्ता नीट होतो.

चढ किती ठेवायचा? आपल्याकडे हॉल रोडला, म्हणजे खाणीतल्या वाहतुकीच्या रस्त्याला, साधारण १ : १६ धरतात. जरा तीव्र चढ डिझेलला थोडा स्वस्त पडतो, कारण रस्ता आखूड होतो, पण ब्रेक आणि पावसाळा यांच्यापुढे ती बचत क्षुल्लक. डिझेलसाठी चढ वाढवू नका. वळणं आणि थांबे मात्र तोडा. भरलेली गाडी चढाच्या मध्ये एकदा थांबून पुन्हा उठवायला किती ताकद लागते, ते केबिनमध्ये शेजारी बसून एकदा अनुभवा.

रांग

तुमच्या पोकलेनपाशी सकाळी नऊ वाजता घड्याळ घेऊन उभे राहा. समजा एक हायवा भरायला चार मिनिटं लागतात आणि भरणं, जाणं, ओतणं, परत येणं असा पूर्ण फेरा वीस मिनिटांचा. गाड्या सहा. सहा गाड्या भरायला चोविस मिनिटं लागणार, पण फेरा तर वीसचाच. म्हणजे प्रत्येक गाडी प्रत्येक फेऱ्यात चार मिनिटं उभी राहणार. आठ तासांत ४८० भागिले २४, म्हणजे गाडीमागे २० खेपा, सहा गाड्यांच्या १२०. आता एक गाडी काढून टाका. पाच गाड्या, फेरा वीस मिनिटांचा, गाडीमागे २४ खेपा. एकूण? १२०!

सहावी गाडी दिवसभर डिझेल पिऊन शून्य काम करत होती. खाणकामात याला मॅच फॅक्टर म्हणतात : गाड्यांची संख्या गुणिले भरण्याचा वेळ, भागिले भरणाऱ्या यंत्रांची संख्या गुणिले फेऱ्याचा वेळ. एकच्या वर गेला की गाड्या रांगेत, खाली गेला की पोकलेन रिकामी. प्रत्यक्षात खेपा इतक्या घड्याळासारख्या चालत नाहीत, म्हणून अगदी एकवर बसवायचा हट्ट नको. पण दीड असलेल्या खाणी मी पाहिल्यात, आणि तिथले मुकादम "गाड्या कमी पडतात" म्हणून तक्रार करत होते.

बेंच लांब गेला की फेरा वाढतो, म्हणून हा हिशेब दर पंधरवड्याला नव्याने करा. मोठ्या खाणीत जीपीएसवर चालणारी ट्रक डिस्पॅच यंत्रणा हेच काम मिनिटा-मिनिटाला करते.

थांबायचंच असेल तर इंजिन बंद. हायवा नुसता उभा राहून तासाला दोन-तीन लिटर पितो, शंभर टनी डंपर त्याच्या कितीतरी पट. चालक बंद करत नाहीत त्याला कारण असतं. एक तर एसी, दुसरं म्हणजे बॅटरी मेलेली असते आणि पुन्हा चालू होईल याची खात्री नसते. तेव्हा आधी बॅटरी बदला, मग ओरडा. टर्बो असलेलं इंजिन चढ चढून आल्यावर दोन-तीन मिनिटं थंड होऊ द्यावं लागतं, तेवढी सवलत ठेवा.

भरणं, टायर, चालक

गाडी अर्धी भरून नेली तर लोखंड तेवढंच आणि माल कमी. खच्चून भरली तर टायर, ब्रेक आणि चेसिस जातात, शिवाय वर ढीग लागून दगड रस्त्यावर सांडतात आणि पुढच्या टायरांना फाडतात. मोठ्या डंपरांसाठी एक चांगला नियम आहे : सरासरी ठरलेल्या वजनाइतकी, दहातल्या एकापेक्षा जास्त खेपा १० टक्क्यांच्या वर जाऊ नयेत, आणि २० टक्क्यांच्या वर एकही नको. बकेट आणि डंपर यांचा मेळ असा हवा की चार ते सहा बकेटांत गाडी भरेल. सुरुंगात दगड नीट फुटला नाही तर बकेट अर्धवट भरते. म्हणून डिझेलचा हिशेब ब्लास्टिंगवाल्यापर्यंत जातो, आणि त्याच्याशी बोलायला कचरू नका.

टायरची हवा गाडी थंड असताना तपासा. रिकामी गाडी उतारावर आणताना रिटार्डर, म्हणजे ब्रेक न झिजवता वेग आवरणारी यंत्रणा, वापरायला शिकवा. चालकांची टनामागे लिटरनुसार यादी लावायचा मोह होतो, मीही एकदा लावली होती. नंतर कळलं की शेवटच्या नंबरावरच्या माणसाला सगळ्यात खोल बेंच दिला होता. त्याने माझ्याशी महिनाभर नीट बोलणं टाकलं, आणि त्याचं बरोबर होतं.

गाडीच नको

खेप लांब असेल आणि माल एकाच ठिकाणी जात असेल, तर खाणीतच क्रशर बसवून पट्ट्याने म्हणजे कन्व्हेयरने माल वर आणता येतो. पट्ट्याला ७३ टन लोखंड वर न्यावं लागत नाही, सारी गोम तिथेच. पण पट्टा हलवणं कटकटीचं, दर काही महिन्यांनी जागा बदलणाऱ्या लहान खाणीला झेपत नाही. वीस वर्षं चालणाऱ्या खाणीच्या आराखड्यात मात्र हा प्रश्न पहिल्या पानावर हवा.

नवं इंधन, नवी गाडी

सगळे नवशिके सुरुवात इथूनच करतात, म्हणून मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

गॅस घ्या. कोल इंडियाचा डिझेलचा वापर २०२१ च्या सुमारास वर्षाला ४ लाख किलोलिटरच्या वर होता. २०२१ मध्ये तिने गॅस कंपनी गेल आणि डंपर बनवणारी बीईएमएल यांच्याबरोबर करार करून आपल्या महानदी कोलफील्ड्स या उपकंपनीच्या दोन शंभर टनी डंपरांना एलएनजीची (द्रवरूप नैसर्गिक वायूची) किट बसवायचा प्रयोग हाती घेतला. अशा दुहेरी इंधनात ३०-४० टक्के डिझेलच्या जागी गॅस येतो. तेवढ्याच उष्णतेला गॅसमधून कार्बन डायऑक्साइड डिझेलपेक्षा सुमारे पावपट कमी, म्हणजे एकूण घट फार तर आठ-दहा टक्के. त्यातून न जळलेला मिथेन थोडा जरी निसटला तर तीही जाते, कारण वीस वर्षांच्या काळात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीहून जास्त पट तापवतो.

बायोगॅसचं काय, हे इंदूरकर विचारणारच. देवगुराडियाचा आपला प्रकल्प, २०२२ मध्ये सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा घेऊन १७ हजार किलो बायो-सीएनजी देण्याच्या क्षमतेचा. अभिमान वाटावा असाच. पण डिझेलमध्ये मोजलं तर ते दिवसाला बावीस-तेवीस हजार लिटर होतं, आणि कोल इंडियाचं तेव्हाचं एका दिवसाचं डिझेल अकरा लाख लिटरच्या आसपास. आख्ख्या शहराचा ओला कचरा शंभरातले दोन लिटर भागवतो. तो गॅस शहराच्या बसमध्येच बरा.

विजेवरच्या गाडीबद्दल भाच्याला मी जे गणित दाखवलं त्याने तो नाराज झाला. डिझेलची गाडी चाकापाशी एक युनिट देताना साधारण ०.७५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. आपल्या ग्रिडच्या विजेत अजून कोळसा इतका आहे की वीजकेंद्रावरच युनिटमागे सुमारे ०.७ किलो पडतो. तारा, चार्जर, बॅटरी, मोटर यांतली गळती धरली की चाकापाशी तो ०.८५-०.९ होतो. डिझेल काढणं, शुद्ध करणं, आणणं यातला धूर डिझेलच्या पारड्यात टाकला की जवळपास बरोबरी. विजेच्या गाडीचा फायदा उरतो तो थांबताना काही न जाळण्याचा आणि उतारावर ऊर्जा परत मिळवण्याचा. ग्रिडऐवजी सोलरची वीज मिळाली तर मात्र चित्र पालटतं. नर्मदेचं पाणी इंदूरला चढवणाऱ्या जलूदच्या पंपांसाठी महापालिकेने ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला २०२३ मध्ये ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले. पाणी चढवणं आणि दगड चढवणं एकच गोष्ट आहे, फक्त दगडाची गाडी रात्रीही चालते, म्हणून चार्जिंगची वेळ आधी ठरवावी लागते.

खाण डोंगरमाथ्यावर असेल आणि भरलेली गाडी खाली येत असेल, तर वीज हे पहिलं उत्तर. स्वित्झर्लंडमध्ये बीलजवळच्या सिमेंटच्या खाणीत असाच बॅटरीचा डंपर आहे. भरून उतरताना तो बॅटरी भरतो आणि त्यावरच बराचसा वर जातो.

मोठ्या खाणींत ट्रॉलीही आहे, रेल्वेसारखी वर तार. स्वीडनच्या आयटिक तांब्याच्या खाणीत २०१८ मध्ये ७०० मीटरच्या तारेवर सुरुवात झाली. पण त्यासाठी डंपर डिझेल-इलेक्ट्रिक, म्हणजे विजेच्या मोटरने चाकं फिरवणारा, हवा, गिअरबॉक्सवाल्या शंभर टनीला ते जमत नाही. हायड्रोजनचा २९० टनी ट्रक दक्षिण आफ्रिकेत मोगालाक्वेनाच्या प्लॅटिनम खाणीत २०२२ मध्ये चालवून दाखवला गेला. तुमच्या दहा हायवांसाठी तो विषय आज नाही.

फॉर्म

शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीच्या बीआरएसआर या पर्यावरण-जबाबदारीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून असा अहवाल द्यावा लागतो, तिथून ही प्रश्नावली साखळीने खाली येते. तुमच्या गाड्यांचं डिझेल तुमच्यासाठी स्कोप १ (स्वतः जाळलेलं), गिट्टी घेणाऱ्या कंपनीसाठी स्कोप ३ (पुरवठादारांनी जाळलेलं). वर्षाचे लिटर गुणिले २.६५, भागिले १,०००, ते तुमचे टन. ठेकेदाराच्या गाड्या वेगळ्या ओळीत लिहा, नाहीतर दोघांकडून दोनदा मोजलं जातं. "कमी करायला काय करता" या रकान्यात झाडं लावतो असं लिहू नका. टनामागे लिटर आधी किती होतं, आता किती आहे, आणि मध्ये काय बदललं, एवढं लिहा.

भाच्याचा परवा फोन आला. क्रशरकडच्या सपाट तुकड्यावर चाकोरी सात सेंटिमीटर भरली. मालक ग्रेडरला नाही म्हणाला, पण चुरीच्या वीस खेपा आणि एक दिवस रोलर द्यायला तयार झाला. जूनच्या आधी काळी माती काढायला सांग, असं मी म्हटलं, तर म्हणाला, "ते झालं मामा, आता नाली खणतोय."